वाणाची बाटली

झाशीत मराठी घरं थोडी आणि विखुरलेली. काही लक्ष्मी गेटच्या आतली, जुनी. त्यांचे पूर्वज कधीकाळी देवळाच्या पूजेला नाहीतर कारभाराला म्हणून आले आणि इथल्या दगडासारखे इथलेच झाले. काही छावणीच्या कडेची, पलटणीबरोबर आलेली. पलटण पुढं गेली, माणसं मागं राहिली. वर्षभर या बायका एकमेकींना बाजारात भेटल्या तर हिंदीतच बोलायच्या, जीभच तशी वळून गेलेली. पण संक्रांत आली की त्यांच्यात मराठी पुन्हा उगवायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातात वाण.

अंबिका छावणीकडची. माहेर खटावच्या माळावरचं, जिथं पाण्याआधी वारा पोचतो. नवरा संभाजी सुभेदार होऊन निवृत्त झाला. दोघांनी गावी परतायचं म्हणून पुष्कळ वेळा ठरवलं आणि शेवटी छावणीचा बिगुल ऐकू येईल इतक्या अंतरावर घर बांधलं. पहाटे बिगुल वाजला की संभाजी अजूनही उठून बसायचा, आणि आता कुठं जायचं नाही हे आठवलं की पुन्हा आडवा व्हायचा.

वाणाच्या बाबतीत अंबिकेच्या आईची एकच शिकवण होती. वाण नाकारायचं नसतं, ज्याला मिळालं त्यानं ते वापरायचंच. म्हणून देणारीनं जपून द्यावं. जे आपल्या घरात आपण वापरू तेच दुसरीच्या ओंजळीत घालावं. अंबिकेनं हे वर्षानुवर्षं पाळलं. गाळणी दिली तर आधी तिच्यातून चहा गाळून बघितला. तेलाची बुधली दिली तर आठवडाभर स्वतःच्या शेगडीजवळ ठेवून ती गळत नाही ना, हे पाहिलं. आणि एका वर्षी तिनं वाण म्हणून गोळ्यांच्या बाटल्या दिल्या.

त्या तिच्याकडे आल्या त्या दुर्गामुळं. दुर्गा बबिन्याच्या छावणीतल्या एका जवानाची बायको, बोलण्यात आगगाडी. इलाइट चौराह्याजवळच्या एका हॉलमध्ये, आपल्या कंपनीच्या गोळ्या खपवायला, तिनं बायकांची बैठक भरवली होती. पडद्यावर हाडाचं चित्र, आतून जाळी झालेलं. दुर्गा सांगत होती, "दीदी, चालीस के बाद औरत की हड्डी बिस्कुट हो जाती है. चाय में डाला कि गया." बायका हसल्या, पण हसता हसता प्रत्येकीनं आपल्या मनगटाकडं बघितलं. अंबिकेचे गुडघे तेव्हा जिना चढताना कुरकुरायचे. तिनं कॅल्शियमच्या गोळ्यांची अख्खी पेटी घेतली. पेटी खपली की दुर्गाला कंपनीत वरची पायरी मिळणार होती आणि दुर्गाची पोरं लहान होती, हेही मनात होतं.

तिनं गोळ्या मनापासून घेतल्या. गुडघे होते तसेच कुरकुरत राहिले, वर पोट जड व्हायला लागलं. संभाजी म्हणायचा, "तुझ्या गुडघ्यापेक्षा त्या दुर्गाचा गुडघा सुधारला बघ. कशी पायऱ्या चढतीय."

शेवटी तिनं डॉक्टरला दाखवलं. त्यानं गुडघा वाकवून पाहिला, खाणंपिणं विचारलं आणि म्हणाला, "आप दूध-दही लेती हैं, धूप में घूमती हैं. आपको इसकी ज़रूरत नहीं. वज़न घटाइए, पैर की कसरत कीजिए." अंबिकेनं त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. या गोळ्यांत काही अर्थ नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. पेटी पलंगाखाली सरकवली. टाकून द्यायला हात होईना. घरात केर काढताना केरसुणी पेटीला लागायची आणि तिला चीड यायची.

मग संक्रांत आली. अंबिकेनं पेटी ओढून बाहेर काढली, बाटल्यांवरची धूळ पुसली, प्रत्येकीच्या झाकणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. आईची शिकवण तिला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि तिनं तिला उत्तरही दिलं: मला नाही लागू पडल्या, कुणाला तरी पडतील. हे उत्तर तेव्हा तिला फार शहाणपणाचं वाटलं.

त्या दिवशी लक्ष्मी गेटहून विमलाबाई आल्या. वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब कचेरीतून कधीचे निवृत्त झालेले, घराचा उंबरा सोडून फारसे बाहेर न पडणारे. विमलाबाई मात्र छत्री टेकत सगळ्या हळदीकुंकवांना जायच्या. त्यांचं मराठी ऐकलं की अंबिकेला गंमत वाटायची. एखादा शब्द इतका जुना की तिच्या आजीनंसुद्धा वापरला नसेल, आणि त्याच्या शेजारी बुंदेली ठसक्याची हिंदी.

या बाईचं अंबिकेवर ऋण होतं, आणि ते पैशाचं नव्हतं. झाशीत नवी आली तेव्हा संभाजी सीमेवर होता आणि तिला दिवस गेलेले. जवळ कुणी नाही. देवळात एकदा मराठी ऐकून ती विमलाबाईंच्या मागं चालत गेली होती, वासरू गायीमागं जातं तशी. बाळंत झाली तेव्हा विमलाबाईंनी डिंकाचे लाडू करून आणले. प्रत्येक वेळी डबा उघडायच्या, एका लाडवाचा तुकडा मोडून आधी स्वतः खायच्या, सुंठ जास्त झाली नाही ना, डिंक नीट फुललाय ना, हे जिभेवर घोळवायच्या, आणि मग उरलेला लाडू अंबिकेच्या हातावर ठेवायच्या. "बाळंतिणीच्या पोटात जायचं ते आधी आपल्या पोटात जाऊन आलेलं बरं," असं म्हणायच्या.

त्या विमलाबाईंनी बाटली ओंजळीत घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, "कधी घ्यायची गं ही?"

दारात आणखी बायका उभ्या होत्या. अंबिकेच्या एका हातात करंडा, दुसऱ्या हातात तिळगुळाची वाटी. ती म्हणाली, "सकाळच्या तुमच्या गोळीबरोबरच घ्या काकू, म्हणजे विसरायला नको."

एवढंच वाक्य. विमलाबाई थायरॉइडची गोळी घेतात, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, हे तिला माहीत होतं. त्या गोळीबरोबर दुसरं काही चालतं का, हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

बाकीच्या बायकांनी बाटल्यांचं काय केलं ते उघड होतं. कुणाच्या फ्रिजवर, कुणाच्या खिडकीत, कुणी सरळ कामवालीला दिलेली. एकट्या विमलाबाईंनी त्या नेमानं घेतल्या. होळीच्या सुमारास भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझं वाण मी एकही दिवस चुकवलं नाही हो." अंबिकेला इतकं बरं वाटलं की उरलेल्या बाटल्याही तिनं त्यांनाच नेऊन दिल्या. पलंगाखालची जागा मोकळी झाली.

चैत्रात विमलाबाईंकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. त्यांच्या हातचं कैरीचं पन्हं प्रसिद्ध. त्या वर्षी पहिला घोट घेतला आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गूळच नव्हता. विमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर शाल. बाहेर झाशीचा दगड तापायला लागलेला आणि यांच्या अंगावर शाल. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा. अंबिकेला त्या नावानं हाक मारायला गेल्या आणि नाव ओठापर्यंत येऊन थांबलं.

भाऊसाहेब म्हणाले, "वय झालं हो. आता दोघांचंही गोगलगाईसारखं चालायचं."

अंबिका पेले उचलून चौक्यात, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. तिथं देवांच्या कोनाड्यात, निरांजनाशेजारी, तिची बाटली. झाकणावरचं कुंकू वाळून काळपट झालेलं. तिला टेकूनच थायरॉइडच्या गोळ्यांची डबी. दोघी कशा बहिणीबहिणीसारख्या.

विमलाबाईंचा मुलगा भोपाळला. डॉक्टरकडं न्यायला अंबिका गेली. डॉक्टर तरुण, पण घाई न करणारा. रक्ताचा कागद बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "अम्मा, गोली रोज़ लेती हैं?"

"रोज़. भगवान का नाम लेने से भी पहले," विमलाबाई म्हणाल्या.

"साथ में और कुछ? ताक़त की कोई गोली, बाज़ार से कुछ लाई हों?"

"बाज़ार से? ना बेटा. बाज़ार से मैं कुछ नहीं लाई." आणि एवढं बोलून त्यांचे डोळे मिटायला लागले. त्या दिवसांत त्या बसल्या जागी पेंगायच्या.

डॉक्टर अंबिकेला म्हणाला, "इसलिए पूछा कि लोग कैल्शियम साथ में निगल लेते हैं. फिर यह गोली पेट में ही बँध जाती है, ख़ून तक पहुँचती ही नहीं. आदमी समझता है दवा खा रहा है, और शरीर सूखा पड़ा है."

अंबिकेला कोनाड्यातली ती बाटली आणि डबी दिसली. बोलायला हवं होतं ते याच क्षणी. जिभेवर आलंही होतं. पण बोललं की पुढचं सगळं बोलावं लागणार: कुणी दिल्या, का दिल्या, स्वतः का नाही घेत. तिनं पदर सारखा केला. डॉक्टरनं थोडा वेळ वाट बघितल्यासारखं केलं आणि मग गोळीचा डोस वाढवून दिला.

ऑटोत बसल्यावर तिनं चाचपडत विचारलं, "काकू, ते माझं वाण... डॉक्टरला सांगितलं नाहीत?"

विमलाबाईंनी तिच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "वाण काय औषध आहे? मग मी तुळशीचं पान खाते तेही सांगू का त्याला?"

अंबिकेनं मग आपल्या परीनं वाट काढली. दोन दिवसांनी ती लक्ष्मी गेटला गेली आणि म्हणाली, "काकू, कंपनीनं त्या बाटल्या परत मागवल्यात. बदलून देणार आहेत." विमलाबाईंनी कोनाड्यातली बाटली आणि मागाहून दिलेल्याही काढून दिल्या; कोनाड्यातली देताना तिला पुन्हा कपाळाला लावलं. अंबिकेनं घरी येऊन गोळ्या राखेत कालवून टाकल्या. संभाजीनं विचारलं, "भांडी घासायचं नवीन चूर्ण काय?" तिला वाटलं, झालं. चूक जिथून सुरू झाली तिथंच तिला पुरलं.

पण डोस वाढवलेला तसाच होता. आधी ज्या गोळीला आत शिरता येत नव्हतं, तिला आता वाट मोकळी झाली होती, आणि ती पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. हे अंबिकेच्या डोक्यात आलंच नाही.

ज्येष्ठाच्या उन्हात एक दिवस ती गेली तर विमलाबाई वाती वळत बसलेल्या आणि वात वळेना. बोटं थरथरत होती. शाल गेली होती, आता घामानं पाठ भिजलेली. चेहरा उतरून हाडं वर आलेली. "छातीत पाखरू फडफडतंय गं," त्या म्हणाल्या. "झोप नाही. काल माठातून पाणी काढताना डोळ्यांपुढं अंधारी आली. ह्यांना सांगितलं नाही, घाबरतात."

अंबिका त्यांच्या पायाशी बसली. त्यांचं मनगट धरलं. नाडी तिच्या बोटाखाली पळत होती, शिकारी मागं लागल्यासारखी. तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं. चूक पुरली जात नाही, नुसती जागा बदलते. आणि आपण आता गप्प बसलो तर ही म्हातारी आपल्या गप्प बसण्यानं मरेल. आपल्या वाणानं मरता मरता वाचली, आता गप्प बसण्यानं मरेल.

"काकू, चला. डॉक्टरकडं. आत्ता."

डॉक्टरनं नाडी बघितली, छातीला नळी लावली, रक्त तपासून घेतलं आणि कागद बघून मान हलवली. "समझ में नहीं आ रहा. तब इतना कम था, अब इतना ज़्यादा. अम्मा, डबल तो नहीं खा लीं?"

"ना बेटा," विमलाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर साहब," अंबिका म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कैल्शियम था. मैंने दिया था. संक्रांत से. सुबह की गोली के साथ लेने को भी मैंने ही कहा था. आपने पूछा उसके बाद मैंने चुपचाप हटा लिया."

डॉक्टरनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "आप उस दिन भी तो इसी कुर्सी पर बैठी थीं."

"जी."

विमलाबाई तिच्याकडं बघत नव्हत्या. भिंतीवर एक तक्ता होता, पोटातल्या आतड्यांचा. त्या तिकडं बघत होत्या.

डॉक्टरनं छातीचा आलेख काढला, गोळीचा डोस पहिल्यावर आणला, धडधड शांत व्हायला वेगळं औषध दिलं. हाडांची तपासणीही करून घ्यायला सांगितली. तिचा निकाल आला तो ऐकून अंबिकेला काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. विमलाबाईंची हाडं खरंच ठिसूळ झाली होती. डॉक्टर म्हणाला, "कैल्शियम इनको चाहिए. लेकिन दोपहर में, खाने के बाद. सुबह की गोली से दूर. जिसे ज़रूरत है उसके लिए दवा है, जिसे नहीं उसके लिए खड़िया मिट्टी. और दोनों के लिए पहले पूछना पड़ता है."

म्हणजे ज्या गोळ्या अंबिकेनं निरर्थक म्हणून पलंगाखाली लोटल्या, त्या या बाईला हव्याच होत्या. दिल्या त्याच, पण बिनअर्थाच्या समजून दिल्या, दारातल्या दारात, विचार न करता. तिला वाटलं, गोळ्यांना दोष देता आला असता तर किती सोपं झालं असतं.

दोघी ऑटोनं परतल्या. लक्ष्मी गेटच्या आत गल्ली अरुंद, ऑटो आत जाईना. अंबिकेनं त्यांना हात धरून चालवत नेलं. उंबऱ्याशी विमलाबाई थांबल्या. आतून भाऊसाहेबांचा रेडिओ ऐकू येत होता.

"एक विचारू?" विमलाबाई म्हणाल्या. "तू घेत होतीस का गं त्या गोळ्या?"

डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं. नेमकं हेच विचारलं जाऊ नये म्हणून अंबिका सगळे दिवस आडवाटेनं चालली होती.

"आधी घेत होते. मग सोडल्या. तुम्हांला दिल्या तेव्हा सोडलेल्या होत्या."

"का सोडल्यास?"

"काही उपयोग नाही असं वाटलं म्हणून."

विमलाबाईंनी छत्री भिंतीला टेकवली. "चुकलीस ते चुकलीस. सकाळी घ्यावं की दुपारी, ते मला तरी कुठं ठाऊक होतं. ह्यांना तरी ठाऊक होतं? पण अडगळ होती ती तुझी. आणि मी तिला देवांत ठेवली." एवढं बोलून त्या आत गेल्या. दार लावून घेतलं नाही, पण आत ये असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर अंबिका जात राहिली. भाजी पोचवायची, औषध आणून द्यायची. विमलाबाई हळूहळू सावरल्या. पाणी विचारायच्या, चहा करायच्या. चहात कधी साखर कमी पडली नाही, पण कोनाड्यासमोर अंबिका कधी उभी राहिली की त्या बोलता बोलता थांबायच्या. घरी आल्यावर संभाजी म्हणायचा, "माफ केलंय त्यांनी तुला. आता सोड की." अंबिका म्हणायची, "त्यांनी केलं असंल." आणि भांडी घासायला बसायची.

दुर्गानं पुन्हा बैठकीला बोलावलं तेव्हा अंबिका गेली नाही. पण दुर्गा घरी आली तेव्हा तिला चहा देऊन एवढंच म्हणाली, "कुणालाही बाटली देशील तर आधी विचार, बाई, तू आणखी काय काय घेतेस. आणि घेणारीला नाही म्हणायला जागा ठेव." दुर्गाला वाटलं, दीदी सठिया गई.

पुढची संक्रांत आली. वाण काय द्यावं यावर अंबिका कितीतरी दिवस अडून बसली. शेवटी तिनं डिंक आणला, खारीक कुटली, खोबरं भाजलं. स्टीलच्या लहान डब्यांत लाडू भरले. प्रत्येक घाण्यातला पहिला लाडू स्वतः खाल्ला. संभाजी म्हणाला, "वाणाचे आहेत की तुझ्या बाळंतपणाचे?"

विमलाबाई येतील की नाही याची तिला खात्री नव्हती. ऊन कलल्यावर फाटकाशी छत्री टेकल्याचा आवाज आला. खोलीत बायका गप्पा मारत होत्या. अंबिकेनं विमलाबाईंना हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि डबा ओंजळीत ठेवला. विमलाबाईंनी तो कपाळाला लावला नाही. तिथंच झाकण उघडलं, लाडू काढला, मुठीनं दाबून त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा अंबिकेपुढं धरला.

"आधी तू."

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "काकू, सुनेची परीक्षा घेताय का?" विमलाबाईही हसल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि विसरही नव्हता.

अंबिकेनं तुकडा तोंडात टाकला. गूळ गोड होता, सुंठ बेताची होती, डिंक नीट फुलला होता. घास गिळायला तिला वेळ लागला. विमलाबाई तोवर थांबल्या. तिच्या गळ्याकडं बघत होत्या. घास खाली उतरला तेव्हा त्यांनी दुसरा तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाल्या, "सुंठ आणखी चालली असती हो."

त्यानंतर दर संक्रांतीला असंच व्हायचं. नव्या आलेल्या बायकांना वाटायचं, ही या दोघींची जुनी गंमत आहे. अंबिका ते कधी खोडून काढायची नाही. फक्त तो तुकडा तोंडात टाकताना दर वर्षी तिला पलंगाखालची ती पेटी दिसायची, आणि तिच्यावरची धूळ पुसणारे आपले हात.